कॅन्वावर पत्रक, बॅनर आणि व्हॉट्सॲपची जाहिरात: प्रेसवरून फाइल परत येऊ नये म्हणून

दसरा-दिवाळीच्या आधी महिनाभर बेळगावातल्या प्रेसवर आमच्या टेबलापुढे रांग लागते. हल्ली निम्मी माणसं मोबाइल पुढे करून म्हणतात, "डिझाइन तयार आहे, फक्त छापून द्या." डिझाइन कॅन्वा या ऑनलाइन डिझाइनच्या ॲपवर केलेलं असतं, स्क्रीनवर सुंदर दिसतं, पण छापता येत नाही. कधी माप चुकलेलं, कधी फाइल चुकीच्या प्रकारात उतरवलेली, कधी जोडाक्षरं फुटलेली. मग रात्री घरी जाऊन पुन्हा करा, सकाळी पुन्हा या. पत्रकं वाटायचा दिवस मात्र तुमच्यासाठी थांबत नाही.

या चुका ठरलेल्या जागी होतात, म्हणून कामाचा क्रम इथे सविस्तर देतो. उदाहरण एकच धरू. समजा, खानापूर तालुक्यातल्या एका बचत गटाला दिवाळी फराळाची जाहिरात करायची आहे: दोन हजार पत्रकं, एक बॅनर आणि व्हॉट्सॲपवर फिरवायला एक चित्र. कॅन्वाच्या मोफत खात्यावर हे सगळं होतं.

## टप्पा १: कॅन्वा उघडण्याआधी मजकूर पक्का करा

बहुतेक जण आधी टेम्पलेट, म्हणजे तयार मांडणी, निवडतात आणि त्यातल्या जागेत मजकूर कोंबतात. टेम्पलेट इंग्रजी मजकुरासाठी बेतलेलं असतं. तिथे दोन शब्दांत बसणारी ओळ मराठीत पाच शब्दांची होते आणि सगळी मांडणी विस्कटते.

आधी वहीत लिहा: काय विकायचं आहे, कोण विकतंय, भाव काय, कुठे मिळेल, ऑर्डर कधीपर्यंत घेणार, फोन कोणता. पत्रकाला एवढंच लागतं. "आमच्याकडे सर्व प्रकारचे उत्तम प्रतीचे पदार्थ माफक दरात" ही ओळ गाळलीत तरी काही बिघडत नाही. त्याऐवजी "भाजणीची चकली, अर्धा किलो" आणि पुढे भाव लिहा. माणूस चकली आणि भाव वाचतो.

मजकूर मोबाइलवर मराठी कीबोर्डने, म्हणजे युनिकोडमध्ये, टाइप करून घ्या. जुन्या डीटीपीच्या फाइलमधून उचललेला मजकूर बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीचा असतो. तो कॅन्वात टाकला की अगम्य खुणा उमटतात. त्यावर इलाज शोधत बसण्यापेक्षा पत्रकाचा मजकूर पुन्हा टाइप करणं लवकर होतं.

शुद्धलेखन याच टप्प्यावर तपासा. दीपावली, आशीर्वाद, उद्घाटन, सुरुवात, हार्दिक या शब्दांत दर वर्षी त्याच चुका छापल्या जातात. "दुसऱ्या", "पुऱ्या", "कऱ्हाड" यांतला र नीट आला आहे का तेही बघा. "दुसर्या" असं उमटलं असेल तर ऱ हे अक्षर वेगळं घेऊन, त्याला हलन्त जोडून य लिहा.

कानडी मजकूर

आपल्या भागात ग्राहक दोन्ही भाषांतले असतात. संकेश्वर, हुक्केरी, गोकाककडे जाणारं पत्रक नुसत्या मराठीत असेल तर बरीचशी गिऱ्हाइकं आपण आधीच सोडून दिली, असं माझं मत आहे. पण कानडी मजकूर मोबाइलच्या भाषांतरावर सोडू नका. पदार्थांची आणि गावांची नावं त्यात हमखास बिघडतात. शेजारच्या कानडी शिक्षकांना किंवा बाजारातल्या ओळखीच्या दुकानदाराला दहा मिनिटं बसवा, त्यांच्याकडून लिहून घ्या आणि छापण्याआधी त्यांनाच पुन्हा वाचायला द्या. आपल्याला लिपी वाचता येत नसेल तर मात्रा हललेली किंवा ओळ अर्धी राहिलेली आपल्या लक्षात येत नाही.

> तपासा: फोन नंबर आणि भाव इंग्रजी अंकांत ठेवा. मराठी आणि कानडी दोन्ही वाचणाऱ्यांना ते सारखेच कळतात. लिहिलेल्या नंबरवर दुसऱ्याच्या फोनवरून एकदा फोन लावून बघा.

## टप्पा २: प्रेसवाल्याला पाच गोष्टी विचारा

१. कटिंगनंतरचं माप काय?
२. ब्लीड (कापून जाणारी जादा कड) किती ठेवायचं?
३. डिजिटलवर (फाइलमधून थेट) छापणार की ऑफसेटवर (प्लेट बनवून)?
४. कागद कोणता, किती जीएसएमचा (म्हणजे किती वजनाचा)?
५. फाइल कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत हवी?

पत्रकाला ए-फाइव्ह म्हणजे १४८ × २१० मिलिमीटर हे माप सोयीचं पडतं. हातात मावतं, आणि पेपरात घालून वाटायला विक्रेत्यालाही बरं पडतं. व्हिजिटिंग कार्ड साधारण साडेतीन × दोन इंच असतं. शे-दोनशे प्रती हव्या असतील तर डिजिटल स्वस्त पडतं. हजाराच्या वर गेलात की ऑफसेटचा भाव विचारा, कारण तिथे प्लेटचा खर्च एकदाच होतो आणि तो जास्त प्रतींवर वाटला जातो.

तारखा उलट्या मोजा. ऑर्डर घेण्याचा शेवटचा दिवस, त्याआधी वाटप, त्याआधी छपाई आणि कटिंग, त्याआधी प्रूफ, म्हणजे तपासायची नमुना प्रत. दिवाळीच्या तोंडावर प्रत्येक प्रेस भरलेली असते. त्या दिवसांत "आज दिलं की उद्या मिळेल" असं गृहीत धरू नका.

## टप्पा ३: पान बरोबर मापाचं उघडा

कॅन्वात "पत्रक" शोधून मिळेल ते टेम्पलेट उघडू नका. "कस्टम साइज" घ्या, एकक मिलिमीटर करा आणि १४८ × २१० टाका. पुढे टेम्पलेटमधलं काही आवडलं तर ते या पानावर आणता येतं. पान मात्र तुमच्या मापाचं असू द्या.

मग फाइल मेनूत सेटिंग्जमध्ये जाऊन "शो प्रिंट ब्लीड" आणि "शो मार्जिन्स" सुरू करा. पानाच्या कडेला तुटक रेषा दिसतील. ब्लीड म्हणजे कापून जाणारी जादा कड, साधारण ३ मिलिमीटर. शेकडो कागदांची थप्पी एकदम कापली जाते तेव्हा सुरी केसभर इकडेतिकडे होतेच. पार्श्वभूमीचा रंग किंवा फोटो नेमका कडेपर्यंतच असेल तर काही पत्रकांना पांढरी रेघ येते. म्हणून रंग कापायच्या तुटक रेषेच्या बाहेरपर्यंत ओढा. अक्षरं आणि फोन नंबर कडेपासून निदान ५ मिलिमीटर आत ठेवा.

> सावधान: पूर्ण कडेने बारीक चौकट काढू नका. स्क्रीनवर ती छान दिसते. कटिंग अर्धा मिलिमीटर सरकलं तरी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक होते आणि सगळं पत्रक तिरकं वाटतं.

## टप्पा ४: अक्षर

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. बिघाडही इथेच जास्त होतात.

फॉन्ट निवडताना. कॅन्वातले बरेच फॉन्ट फक्त इंग्रजीचे असतात. फॉन्ट बदलला तरी मराठी अक्षर तसंच राहिलं, तर त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही आणि कॅन्वाने स्वतःच दुसरा लावला आहे असं समजा. मुक्ता, हिंद, बलू, नोटो सॅन्स देवनागरी हे खात्रीचे आहेत. शीर्षकाला बलू ठसठशीत दिसतो, बारीक मजकुराला मुक्ता वाचायला सोपा जातो. कानडीसाठी नोटो सॅन्स कन्नड किंवा बलू तम्मा घ्या. बलू आणि बलू तम्मा एकाच घराण्यातले असल्याने दोन्ही लिप्यांची जाडी जुळते आणि एक भाषा मोठी, दुसरी दबलेली असं दिसत नाही. एका पत्रकात दोनपेक्षा जास्त फॉन्ट नकोत.

अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा. इंग्रजी टेम्पलेटमध्ये ते बहुधा वाढवलेलं असतं. तिथे मराठी शब्द टाकला की शिरोरेषा तुटते आणि प्रत्येक अक्षर सुटं पडतं. ही चूक मी रोज बघतो. मजकूर निवडा, स्पेसिंग उघडा, आकडा शून्यावर आणा.

ओळींमधलं अंतर वाढवा. इंग्रजीला एक चालतं. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, म्हणून १.३ ते १.४ ठेवा. कानडीत अक्षराखाली जोडाक्षराचा ओत्तू येतो, तिथे थोडं आणखी लागतं.

पोकळ अक्षर आणि बाह्यरेषा टाळा. जोडाक्षरात एकमेकांवर आलेले भाग त्यात उघडे पडतात आणि "श्री" किंवा "द्ध" जाळीसारखं दिसतं. उठाव हवा असेल तर जाड फॉन्ट घ्या आणि मागे सपाट रंग ठेवा.

आकाराचं म्हणाल तर छापील पत्रकात मराठी मजकूर १० पॉइंटच्या खाली नको, १२ असेल तर उत्तम. गडद रंगावर बारीक पांढरं अक्षर तर नकोच. शाई थोडी पसरते आणि अनुस्वार बुजतो.

> तपासा: पान १०० टक्के आकारात बघत प्रत्येक जोडाक्षर वाचा. ऱ्या, ॲ, ळ, क्ष, ज्ञ ही अक्षरं आधी बघा. फॉन्ट कच्चा असेल तर इथेच कळतं.

## टप्पा ५: मांडणी

एक शीर्षक, एक चांगला फोटो, भावांची यादी, आणि खाली पत्ता-फोन. पत्रक हातभर अंतरावर धरून तीन सेकंदांत "दिवाळी फराळ, इथे मिळतो" हे कळलं पाहिजे. बचत गटाचं नाव महत्त्वाचं आहे, पण ते फराळापेक्षा मोठं नको. गावात तुम्हाला ओळखतात. बेळगावात टिळकवाडीत पत्रक मिळालेल्या बाईला आधी चकली दिसायला हवी.

दोन भाषा असतील तर एका बाजूला पूर्ण मराठी आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण कानडी करा. एकाच बाजूला दोन्ही कोंबलं की अक्षर बारीक होतं आणि कुणालाच नीट वाचता येत नाही. दोन्ही बाजू छापायला पैसे थोडे जास्त लागतात. ते द्यावेत असंच मी सांगेन.

फोटो स्वतःच्या पदार्थांचे काढा. सकाळी खिडकीजवळ, साध्या ताटात, फ्लॅश बंद ठेवून. कॅन्वातले तयार फोटो इतरांच्या पत्रकांवरही असतातच. शिवाय चित्रातली चकली तुमची नसेल तर गिऱ्हाईक पाकीट उघडल्यावर तुलना करतं. मूळ फोटो फोनमधूनच थेट चढवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेला घेऊ नका, तो आधीच बारीक झालेला असतो.

मुकुटाची खूण असलेली चित्रं पैसे भरणाऱ्यांसाठी असतात. मोफत खात्यात ती जाळीच्या खुणेसकट दिसतात. "छापताना जाईल" असं समजून तशीच पाठवलेली फाइल मी पाहिली आहे. ती खूण जात नाही.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. पत्रकावर देवाचं किंवा शिवाजी महाराजांचं चित्र घालू नका. पत्रक वाचून झालं की रस्त्यावर पडतं, त्यावर पाय पडतात. पणती, रांगोळी, आकाशकंदील यांतून दिवाळी दिसतेच.

क्यूआर कोड. पैसे घेण्यासाठी तुमच्या पेमेंट ॲपमधून उतरवलेलाच कोड वापरा. छापताना तो निदान दोन सेंटिमीटरचा असावा, पांढऱ्यावर काळा, आणि चारही बाजूंनी मोकळी पांढरी जागा असावी. सोनेरी कोड लाल पार्श्वभूमीवर स्कॅन होत नाही. स्कॅन केल्यावर नाव कुणाचं येतं तेही बघा. गटाच्या खात्याऐवजी घरातल्या कुणाच्या नावाचं खातं निघालं तर नंतर हिशेबाचा घोळ होतो.

> सावधान: हेच डिझाइन लहान करून फराळाच्या पाकिटावर लेबल म्हणून चिकटवू नका. लेबलला अन्नसुरक्षेचे नियम लागतात: एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ अंकी क्रमांक, शाकाहारी पदार्थाची हिरवी खूण, घटक, वजन, तारखा. ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावी लागते. सोबत मराठी-कानडी चालते, पण नुसती मराठी पुरत नाही.

## टप्पा ६: रंग

स्क्रीनवरचा रंग प्रकाशाचा असतो, कागदावरचा शाईचा. झगझगीत केशरी, पोपटी आणि निळा कागदावर मळकट उतरतो. सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत पीडीएफ उतरवण्याची सोय कॅन्वाच्या पैसे भरून घेतलेल्या खात्यात आहे. मोफत खात्यात आरजीबीच (स्क्रीनचं रंगमान) मिळतं आणि प्रेसवर ते बदलून घ्यावं लागतं. म्हणून सुरुवातीपासूनच थोडे दबके रंग घ्या: विटकरी, हळदी, गडद हिरवा. बदलल्यावर त्यांत फार फरक पडत नाही.

बारीक मजकूर काळाच ठेवा आणि "अक्षर फक्त काळ्या शाईत घ्या" असं प्रेसवाल्याला सांगा. नाहीतर काळा रंग चार शायांचा होतो आणि छपाई थोडी सरकली की अक्षराला रंगीत सावली येते.

## टप्पा ७: फाइल उतरवणं आणि पाठवणं

डिझाइन नीट करूनही इथे बरेच जण अडकतात. शेअर, डाउनलोड, आणि पुढे जे आधीच निवडलेलं असतं तेच दाबलं जातं, म्हणजे बहुधा पीएनजी (चित्राची फाइल). मोफत खात्यातून ए-फाइव्ह पानाची पीएनजी ५५९ × ७९४ पिक्सेलची निघते. चांगल्या छपाईला १७४८ × २४८० लागतात. मोबाइलवर ती स्वच्छ दिसते, कागदावर अक्षराच्या कडा करवतीसारख्या येतात.

छपाईसाठी असं करा:

१. शेअर, मग डाउनलोड.
२. प्रकार: पीडीएफ प्रिंट.
३. "क्रॉप मार्क्स अँड ब्लीड" वर खूण करा.
४. "फ्लॅटन पीडीएफ" (सगळं पान एकच चित्र करणारा पर्याय) वर खूण करू नका.
५. फाइलला नाव द्या: गटाचं नाव, पत्रक, माप, तारीख. "अनटायटल्ड" नावाच्या फाइली आमच्याकडे ढिगाने पडलेल्या असतात आणि चुकीची छापली जाते ती त्यांतलीच.

पाठवताना ईमेलने पाठवा, किंवा व्हॉट्सॲपवर "डॉक्युमेंट" म्हणून. स्क्रीनशॉट कधीच नको.

प्रेसवर पीडीएफ बहुधा कोरल ड्रॉमध्ये उघडतात. उघडताना मजकूर अक्षर म्हणून घ्यायचा की "कर्व्ह" (अक्षरांचा नुसता आकार) म्हणून, असं ते विचारतं. अक्षर म्हणून घेतला तर मराठीच्या वेलांट्या जागा सोडतात आणि कानडीची तर दशा होते. म्हणून फाइलसोबत एक ओळ लिहून पाठवा: "मजकूर कर्व्हमध्ये घ्यावा." त्यानेही बिघडलं, तरच फ्लॅटन केलेली दुसरी फाइल द्या.

## टप्पा ८: प्रूफ

प्रेसला हो म्हणण्याआधी जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात एक प्रत १०० टक्के मापात काढा. "फिट टू पेज" बंद करायला सांगा. कडेच्या खुणांवर कात्रीने कापा आणि ज्याने हे डिझाइन आधी पाहिलेलं नाही अशा माणसाला मोठ्याने वाचायला लावा. आपण लिहिलेलं आपल्याला बरोबरच दिसतं.

तारीख आणि वार कॅलेंडरशी जुळवा. गेल्या वर्षीच्या फाइलवर काम केलं असेल तर जुनी तारीख कुठेतरी उरलेली असते, बहुतेक वेळा मागच्या बाजूला. पत्त्यात पिनकोड घाला. बेळगावचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं. कुणी बेळगाव म्हणतं, कुणी बेळगावी. पार्सल मात्र पिनकोडवर पोचतं.

## टप्पा ९: त्याच डिझाइनमधून बॅनर आणि मोबाइलचं चित्र

छापायची फाइल पक्की झाल्यावरच इकडे वळा. आधी केलंत तर प्रत्येक दुरुस्ती तीन ठिकाणी करावी लागते.

व्हॉट्सॲप. १०८० × १३५० पिक्सेलचं नवं पान उघडा. आकार आपोआप बदलण्याची सोय पैसे भरणाऱ्यांना आहे. तुम्ही चित्रं आणि मजकूर निवडून नव्या पानावर कॉपी करा. पत्रकावरचा सगळा मजकूर मात्र आणू नका. शीर्षक, फोटो, शेवटची तारीख, फोन, बस्स. भावांची यादी चित्राखालच्या संदेशात लिहा, म्हणजे लोकांना तिथूनच निवडून ऑर्डर पाठवता येते. स्टेटससाठी १०८० × १९२० घ्या आणि वरखाली साधारण २५० पिक्सेल मोकळे सोडा, तिथे नाव आणि उत्तराची पट्टी येते. इथे मात्र पीएनजीच उतरवायची.

बॅनर. सहा बाय तीन फुटांच्या बॅनरसाठी २४ × १२ इंचांचं पान करा, म्हणजे फुटाला चार इंच. पीडीएफ प्रिंटमध्ये उतरवा आणि "तिप्पट मोठं करायचं" असं लिहून द्या. अक्षरं मोठी करूनही फुटत नाहीत. फोटो मात्र मूळचाच मोठा असावा लागतो. बॅनरवर दहा-बारा शब्दांपेक्षा जास्त नकोत, जाणाऱ्या गाडीवरून एवढेच वाचून होतात.

कर्नाटकात २०१६ पासून प्लास्टिकच्या फ्लेक्स-बॅनरवर बंदीचा आदेश आहे. म्हणून कापडी बॅनर घ्या. रस्त्यावर किंवा चौकात लावायचा असेल तर आधी महापालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी काढा.

दुकानाची पाटी. गटाने गाळा घेतला असेल आणि पाटीही कॅन्वावरच करायची असेल, तर नियम वेगळा आहे. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकातल्या व्यावसायिक नामफलकावर ६० टक्के कन्नड असावी लागते आणि ती वरच्या भागात असावी लागते. पान करतानाच आडवी रेष मारून वरचा ६० टक्के भाग कानडीसाठी राखा आणि उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी-इंग्रजी बसवा. पाटी तयार झाल्यावर बदलायची वेळ आली तर पत्र्याचा, दिव्यांचा आणि मजुरीचा सगळा खर्च पुन्हा येतो.

## गठ्ठा ताब्यात घेताना

पैसे देण्याआधी गठ्ठ्यातली वरची, मधली आणि तळातली अशी तीन पत्रकं काढा आणि प्रूफशेजारी ठेवा. रंग तिन्हींत सारखा आहे का, कड सरळ कापली आहे का, मागची कानडी बाजू उलटी तर छापली गेली नाही ना, हे बघा. क्यूआर कोड छापील पत्रकावरून स्कॅन करून एक रुपया पाठवा. तो गटाच्या खात्यात जमा झाला की मग गठ्ठा पेपरवाल्याकडे न्या.